डोंगराच्या पोटातलं स्टेशन

पुण्यात चार माणसं एका कारणासाठी दोनदा भेटली की त्यांचं मंडळ होतं. ठोकळ्यांच्या रेल्वेगाड्या बांधणाऱ्यांचंही असंच झालं. ठोकळे म्हणजे तेच, लहान मुलांचे, रंगीत, वर बटणं असलेले, एकावर एक दाबले की टक्क करून बसणारे. त्यांचेच रूळ, त्यांचेच डबे आणि त्यांचीच बोटाएवढी माणसं. फक्त या मंडळात लहान मूल एकही नव्हतं. अध्यक्ष केदार हिंजवडीच्या एका कंपनीत मॅनेजर होता आणि कंपनीच्या बसमध्ये बसून रोज जाता-येता इंजिनाच्या चाकांचा विचार करायचा. मंडळातली सगळ्यात नवीन, सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात उत्साही सभासद होती नंदा. टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम धानोरी.

संजय तिचा नवरा. तो सभासद नव्हता. मंडळातलं आपलं पद हमालाचं आहे, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा, आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा.

नंदाला हा नाद लागला तो निकितामुळे. निकिता त्यांची मुलगी, खराडीला नोकरी करते. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू द्यायचा कार्यक्रम झाला, त्यात तिच्या वाट्याला आगगाडीचा खोका आला. "मम्मी, हे कुणाच्या तरी मुलाला देऊन टाक," असं म्हणून ती तो आईबापांकडे टाकून गेली. नंदाने तो उघडला, नुसतं आत काय आहे ते बघायला म्हणून. जेवण राहिलं, दुपारचा चहा राहिला, आणि संध्याकाळी संजय बुद्धविहारातून परत आला तेव्हा हॉलमध्ये गाडी धावत होती आणि बायको पालथी पडून, गाल फरशीला टेकवून, चाकांकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला पालथं पडलेलं पाहिलं नव्हतं. खोका कुणाच्या तरी मुलाला द्यायचा राहून गेला तो गेलाच.

मग घर हळूहळू रेल्वेच्या ताब्यात गेलं. जेवणाचं टेबल भिंतीला सरकलं. डाळ-तांदळाचे डबे रिकामे होऊन त्यांत लाल, करडे, तपकिरी ठोकळे रंगवार भरले गेले. एकदा आमटीत खिडकीची चौकट सापडली. संजयने ती धुऊन, पुसून, बायकोच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या गाडीचा प्रवासी खाली डोकावत असणार." नंदा हसून हसून बेजार झाली. ती आताशा फार हसायची. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तिने गप्प गप्प, नुसतं खिडकीशी बसून काढलं होतं, ते संजय विसरला नव्हता. त्यामुळे तो चिडवायचा भरपूर, पण त्या ठोकळ्यांना कुणी नावं ठेवली तर त्याच्या अंगावर धावून जायला तयार असायचा.

मंडळाची पद्धत साधी होती. प्रत्येकाने आपापल्या घरी एका फळीवर एक तुकडा बांधायचा. वर काय बांधायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. फक्त रूळ फळीच्या कडेला ठरलेल्या जागी आला पाहिजे, म्हणजे माझा तुकडा तुझ्या तुकड्याला जुळतो. प्रदर्शनात सगळे तुकडे जोडून मोठं वर्तुळ करायचं आणि त्यावर गाड्या सोडायच्या. गोंद लावायचा नाही, रंग फासायचा नाही. केदारने नदीवरचा पूल बांधला होता, तोही अस्सल पुणेरी, म्हणजे पाण्याखाली गेलेला. तनया नावाच्या कॉलेजातल्या मुलीने मंडई बांधली होती, मनोऱ्यासकट, आणि टोपल्यांतली वांगी-टोमॅटो एवढी बारीक की मोजताना डोळ्यांत पाणी यावं.

नंदाने डोंगर बांधला. हिरवा-तपकिरी, पावसाळ्यानंतर दिसतो तसा, पोटात बोगदा. त्याला दोन वर्षं लागली. डोंगराचं झाकण उचललं की आत काय आहे ते फक्त संजयला ठाऊक होतं. आत एक स्टेशन होतं. लहानसा फलाट, बाक, चहाची टपरी, पिवळ्या ठोकळ्याचा एक दिवा, आणि गाडीची वाट बघत उभी असलेली थोडी माणसं.

"हे कोण बघणार आहे?" संजयने विचारलं होतं.

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय? एक्स्चेंजमध्ये आम्ही आत बसायचो, कुणाला दिसत होतो? फोन लागत होते ना तुमचे?"

संजयने झाकण जपून परत ठेवलं.

प्रदर्शनाआधीच्या एका रविवारी कोथरूडला, केदारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळे तुकडे जोडून पाहायचं ठरलं. डोंगर चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन दोघं पोचली. तुकडे जुळले. केदारने मोबाइलवरून गाडी सोडली. गाडी मंडईवरून गेली, पुलावरून गेली, डोंगरात शिरली.

आणि आली नाही.

म्हणजे आली, पण जरा वेळाने. चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवावा, एवढ्या वेळाने. पुढच्या फेरीला तसंच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तसंच.

"काकू, गाडी आत अडकतेय," केदार म्हणाला.

"अडकत कुठे आहे? येतेय की बाहेर."

"येतेय, पण तिच्या मर्जीने येतेय." केदारने चष्मा कपाळावर चढवला. "प्रदर्शनात दोन गाड्या एकामागून एक सोडायच्यात. पहिली आत रेंगाळली तर दुसरी तिला मागून ठोकणार. आणि ती दुसरी माझी आहे. सॉरी, पण हे सुटलं नाही तर डोंगराच्या जागी आपण साधा सरळ रूळ टाकू."

नंदाचा चेहरा असा पडला की तनयाने मंडईतला टोमॅटो बसवायचा सोडून तिचा हात धरला. संजयला ते पाहवलं नाही.

"पुढच्या वेळी थांबणार नाही ती," तो म्हणाला. "मी बघतो."

"काका, तुम्ही? तुम्ही तर हमाल ना?" केदार म्हणाला.

"हमालालाच माहीत असतं सामानात काय फुटलंय ते."

संजयची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली होती. भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसलेले असताना मधोमध उभं राहून शांतपणे टेप धरायची त्याला सवय होती. आणि घरचं वळणही तसंच. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा अंगारे-धुपारे, नवस आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर गेली होती. त्यांतलं काही परत आत येऊ द्यायचं नाही, ही म्हाताऱ्याची ताकीद होती. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, एवढं संजय जाणून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये रुळांचं वर्तुळ मांडून त्याने डोंगर मधे बसवला. चाकं काढून पुसली. नवी बॅटरी घातली. लेव्हल लावून रूळ तपासला, तो अगदी सपाट होता. गाडी सोडली. गाडी थांबली.

मग त्याने डोंगराचं झाकण काढून ठेवलं. गाडी फलाटासमोरून सुसाट गेली. झाकण ठेवलं, थांबली. काढलं, गेली. संजयने असं बऱ्याच वेळा केलं. नंदा स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं पीठ लागलेले हात तसेच धरून बघत होती.

"झाकणाचं वजन पडत असेल," तो म्हणाला.

"रुळावर? ते डोंगरावर टेकतंय."

ते खरं होतं. संजयने डोकं खाजवलं. पुढच्या फेरीला गाडी बाहेर आली तेव्हा नंदाने एकदम हात वर केला. "थांबवा, थांबवा!"

शेवटच्या डब्यात, खिडकीशी, जेवणाचा डबा हातात घेतलेली एक बाई बसली होती. लाल पदराची. ती फलाटावर उभी असायची. नंदाने झाकण उचललं. फलाटावरची तिची जागा मोकळी होती.

या बाहुल्यांचं एक असतं. उभा बाहुला डब्यात बसवायचा तर त्याचे दोन्ही पाय कमरेत पुढे वळवावे लागतात आणि मग खालच्या बटणांवर दाबून बसवावं लागतं. तेही डब्याचं छप्पर काढून. डब्याचं छप्पर जागच्या जागी होतं. बाईचे पाय व्यवस्थित वळलेले होते.

"बसली गं बाई एकदाची!" नंदा म्हणाली आणि पिठाच्या हातांनी तिने टाळ्या पिटल्या. सगळ्या हॉलभर पीठ उडालं.

संजयही हसला. मानेवरचे केस उभे राहिले होते ते त्याने हाताने खाली बसवले, आणि "तूच बसवली असशील, विसरली असशील," असं म्हणून पाहिलं. नंदाने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याला ती नजर ओळखीची होती. घरात किल्ली हरवली की ती असंच बघायची, आणि किल्ली त्याच्याच खिशात निघायची.

तिसऱ्या दिवशी त्याने ठरवलं, आत डोळा ठेवायचा. मोबाइल पूर्ण चार्ज केला, व्हिडिओ सुरू केला, फलाटाच्या टोकाला भिंतीशी उभा केला आणि झाकण ठेवलं. गाडी सोडली. गाडी आत गेली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कुकरची एक शिट्टी झाली, गाडी बाहेर आली. या वेळी फलाटावरचा पेपरवाला बसून आला होता.

मोबाइल बाहेर काढला तर तो बंद. बॅटरी पार संपलेली. चार्जिंगला लावून सुरू केला तर मेमरी भरली असल्याचं सांगू लागला. आत एकच नवा व्हिडिओ होता, आणि तो इतका लांब होता की संजयने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

सुरुवातीला अंधार. मग दिवा दिसला. लागलेला. तो दिवा म्हणजे एक पिवळा ठोकळा होता, त्याला वायर नव्हती की काही नव्हतं. दिव्याखाली पेपरवाल्याची पाठ. तो हलत नव्हता. कुणीच हलत नव्हतं. संजयने व्हिडिओ पुढे सरकवला. पाठ. आणखी पुढे सरकवला. पाठ, दिवा, टपरी. कितीही पुढे गेलं तरी माणूस आपला वाट बघत उभा. आणि मग, कुठेतरी खूप पुढे, दिवा फिका पडू लागला. फलाटाच्या कडेवर करडा उजेड आला, मग पिवळसर झाला, टपरीच्या छपरावर चढला.

डोंगराच्या आत, झाकणाखाली, हॉलच्या ट्यूबलाइटचाही किरण जाणार नाही अशा जागी उजाडत होतं.

"किती छान उजाडलंय हो," नंदा हळूच म्हणाली. तिने मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि ती कितीतरी वेळ तो बघत बसली. लग्नाआधी तिच्या चेहऱ्यावर जो लाडिक हट्ट असायचा तो पुन्हा आलेला संजयला दिसला आणि त्याला भीती वाटली. कशाची ते त्याला सांगता आलं नसतं. ती इतकी आनंदात होती, आणि त्याला भीती वाटली, एवढंच.

उपाय मात्र सापडला होता, आणि तो सोपा होता. फलाटावर माणूस असला की गाडी थांबते. माणूस नसेल तर कशाला थांबेल?

"सगळी माणसं काढ," तो म्हणाला.

"रिकामं स्टेशन ठेवू?"

"तुला वर्तुळात डोंगर हवाय की नको?"

नंदाने एकेक माणूस उचलून ठोकळ्यांच्या डब्यात ठेवला. टपरीवाल्यालाही. झाकण ठेवलं, गाडी सोडली. गाडी डोंगराच्या एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली, न थांबता, पुन्हा पुन्हा. संजयने केदारला व्हिडिओ पाठवला. केदारचं उत्तर आलं, "काका, तुम्हाला हमालाचं प्रमोशन. हेडहमाल." नंदा ते वाचून हसली, पण जेवताना म्हणाली, "स्टेशन बांधायचं आणि कुणाला उभं राहू द्यायचं नाही. पाप वाटतं हो."

"प्रदर्शन होऊ दे. मग उभी कर सगळी."

प्रदर्शन मंडईजवळच्या एका शाळेच्या सभागृहात होतं, शनिवार-रविवार. दार उघडलं आणि अख्खं पुणं आत आलं. आजोबांचा हात धरून आलेली नातवंडं होती आणि नातवंडांना निमित्त करून आलेले आजोबाही होते. भाजीच्या पिशव्या घेऊन लोक सरळ मंडईतून आत शिरत होते आणि तनयाची मंडई पाहून "अहो, हा गाळा आमच्या बाळूचा!" असं ओरडत होते. एका गृहस्थांनी केदारला सुनावलं, "पूल बांधलात ते ठीक. खड्डे दिसत नाहीत." केदारने अत्यंत नम्रपणे सांगितलं की काम चालू आहे. दोन गाड्या एकामागून एक फिरत होत्या, डोंगरातून बिनबोभाट बाहेर येत होत्या आणि दर वेळी पोरं टाळ्या वाजवत होती. नंदा तिच्या डोंगरामागे जांभळी साडी नेसून उभी होती. प्रत्येकाला ती सांगत होती, "आत स्टेशन आहे बरं का. दिसत नाही, पण आहे." संजय पाण्याच्या बाटल्या आणत होता, वायरी आवरत होता, आणि बायकोकडे बघत होता. त्याला फार बरं वाटत होतं. मांडलेलं सगळं फळाला आलं असं वाटायचे दिवस माणसाला थोडेच मिळतात, आणि हे त्यांतले होते.

रविवारी संध्याकाळी, बंद करायच्या आधी, मंडळाची एक जुनी रीत होती. प्रत्येक सभासद स्वतःसारखा दिसणारा एक बाहुला बनवतो. त्याला हे लोक सहीचा माणूस म्हणतात. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो तशी ही. शेवटच्या फेरीला सगळ्यांनी आपापला सहीचा माणूस वर्तुळात कुठेतरी उभा करायचा, एकच गाडी सोडायची, फोटो काढायचे आणि मग सगळं सोडवायला घ्यायचं.

केदारने आपला बाहुला बुडालेल्या पुलावर उभा केला, हातात छत्री. तनयाचा बाहुला मंडईत घासाघीस करत होता. "काकू, तुमची कुठेय? दाखवा ना, प्लीज! काय क्यूट झालीये ती!" तनया म्हणाली.

"ठेवली मी," नंदा म्हणाली. "जागेवर."

संजयने तिची बाहुली पाहिली होती. चष्म्याची, जांभळ्या साडीची, हातात चहाचा कप. त्याने डोंगराचा उतार पाहिला. बोगद्याचं तोंड पाहिलं. मंडई, पूल, फाटक, सगळं पाहिलं. बाहुली कुठेच नव्हती.

मग त्याच्या लक्षात आलं. बाहुली आत होती, फलाटावर.

गाडी सुटली होती. ती पुलावर होती.

"केदार," त्याने हाक मारली, पण आवाज नीट फुटला नाही. नंदाने त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "आता दुसरी गाडी नाही मागे. कुणाला धक्का नाही लागायचा. एकदाच."

"नंदा, अगं…"

"टपरीवाल्यालाही ठेवलंय सोबतीला. एकदाच बघू द्या मला."

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो मोडायचं धाडस त्याला झालं नाही. खिडकीशी बसलेली नंदा त्याला आठवली. त्याने मनगट सोडवून घेतलं नाही.

गाडी डोंगरात शिरली.

सभागृहात अजून बरीच माणसं होती. सगळे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिले.

गाडी येईना.

कुणीतरी हसलं. केदारने मोबाइलकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, काही केलं नाही.

मनगटावरची नंदाची पकड सैल झाली. संजयने चटकन वळून पाहिलं. ती तिथेच होती, डोळे डोंगराकडे, ओठांवर हसू. पापणी लवत नव्हती.

"नंदा."



त्याने झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात रुळांचा खडखडाट ऐकू आला.

नंदाची पकड पुन्हा घट्ट झाली.

गाडी बाहेर आली. शेवटच्या डब्यात खिडकीशी चष्म्याची बाहुली बसली होती, पाय नीट वळवून. तिच्या हातातला कप नव्हता.

सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ही खास शेवटच्या फेरीची युक्ती आहे असं लोकांना वाटलं. केदार धावत आला, "काकू, कमाल! हे कसं केलंत? आम्हाला सांगितलंच नाहीत!" तनयाने नंदाला मिठीच मारली. नंदा सगळ्यांकडे आलटून पालटून बघत होती, गावाहून परतलेलं माणूस दारात जमलेल्यांकडे बघतं तशी, आणि हसत होती. संजयचा जीव भांड्यात पडला. त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्याने दोन्ही होऊ दिलं. म्हातारपणी आपण बाहुलीला घाबरलो, असं त्याने स्वतःला बजावलं. मग फोटो झाले, पेढे झाले, पुढच्या वर्षी डोंगर प्रवेशद्वारासमोरच मांडायचा असं केदारने जाहीर केलं, आणि सगळ्यांनी मिळून तुकडे सोडवले.

परतीला टेम्पो केला होता. डोंगर मागे, चादरीत. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं. रस्त्याला रविवारची ही गर्दी. नंदा काहीतरी गुणगुणत होती, खूप खुशीत. चाल संजयच्या ओळखीची नव्हती.

"केवढी माणसं हो शहरात," ती म्हणाली. "सवयच मोडली."

"दोन दिवस हॉलमध्ये काय कमी होती?"

"हॉलमध्ये?" ती क्षणभर थांबली. "हो, तिथेही होती." मग जरा वेळाने तिने विचारलं, "निकिताचा फोन आला होता का मधल्या काळात?"

"अगं, दुपारी तूच बोललीस की तिच्याशी. दारात उभी राहून."

"हो का?" नंदा म्हणाली. "बरी आहे ना ती?"

संजयने तिच्याकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती, दुकानांचे दिवे, सिग्नलला उभ्या राहिलेल्या गाड्या, सगळं मन लावून. तब्येत तर छान दिसत होती. उलट थोडी भरल्यासारखीच.

"चहा फार छान करतो तो टपरीवाला," ती म्हणाली. "पण घरचं ते घरचं."

येरवड्याच्या पुलाच्या अलीकडे टेम्पो थांबला. नंदाने सुस्कारा सोडला, समाधानाचा, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. समोरच्या मिठाईच्या दुकानाचा पांढरा उजेड सरळ तिच्या भांगावर पडला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानेच तिचे केस रंगवून दिले होते. मागचं तिला दिसत नाही, म्हणून ब्रश दर वेळी त्याच्याच हातात असतो. प्रदर्शनाला जायचं म्हणून तिने दोनदा लावायला लावलं होतं, आणि त्यानेही मोजणीच्या सवयीने एक बट सुटू दिली नव्हती; मुळापर्यंत सगळे केस काळेभोर करून दिले होते.

आता भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढरे केस उगवलेले होते.